ताऱ्यांनी नेमके काय मोजले?

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्यायचा आहे, असे समजू. तालुक्याच्या गावी वैज्ञानिक उपकरणांचे दुकान नाही. जिल्ह्याला जायचे तर एक रजा आणि एसटीचे भाडे खर्ची पडणार. म्हणून शिक्षक मोबाइलवर एखादी मोठी ऑनलाइन बाजारपेठ उघडतात आणि 'मल्टिमीटर' हा शब्द घालतात. क्षणात शेकडो मल्टिमीटर समोर येतात. पिवळ्या रंगाचा एकच मीटर, तोच फोटो, पण दहा वेगवेगळ्या नावांनी आणि दहा वेगवेगळ्या किमतींना. 'कमी किंमत आधी' असे सांगितले, तर मीटरच्या नुसत्या वायरी, कव्हर आणि बॅटरीचे झाकण यांची रांग लागते. कुणाला ४.१ तारे, कुणाला ४.३, कुणाला ४.४. खालच्या अभिप्रायांत एक जण 'उत्कृष्ट वस्तू' म्हणतो आणि लगेच पुढचा 'पैसे पाण्यात गेले' म्हणतो. अर्धा तास बोट सरकवूनही काही ठरत नाही. शेवटी कंटाळून जो सर्वांत वर दिसतो तोच मागवला जातो.

या प्रकाराबद्दल चिडणारे पुष्कळ लोक आपल्याला भेटतात. चिडणे रास्तच आहे. विशेषतः शाळेला वर्षाकाठी मिळणाऱ्या तुटपुंज्या रकमेतून वस्तू घ्यायची असेल, तर चुकीच्या खरेदीचा अर्थ वर्षभर प्रयोग नाही, असा होतो. परंतु आम्हाला या चिडचिडीत एक चांगला वैज्ञानिक प्रश्नही दिसतो. '४.३ तारे' हे एक मोजमाप आहे. प्रयोगशाळेत कोणतेही मोजमाप समोर आले की आपण विचारतो : हे कोणी मोजले, किती वेळा मोजले, केव्हा मोजले आणि मुळात मोजले ते काय? तेच प्रश्न इथे विचारून पाहू.

बाजार कोणाचा, माल कोणाचा?

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. आपण अमुक कंपनीकडून वस्तू घेतली असे म्हणतो, पण पुष्कळदा ते खरे नसते. आपल्या आठवडे बाजाराची कल्पना करा. जागा ग्रामपंचायतीची असते. ग्रामपंचायतीचा माणूस येऊन जागेची पावती फाडतो. टोमॅटो मात्र विकणाऱ्याचे असतात आणि ते सडके निघाले तर आपण सरपंचाकडे जात नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा मुख्यतः याच तत्त्वावर चालतात. अॅमेझॉन १९९५ मध्ये स्वतः पुस्तके विकू लागली आणि २००० मध्ये तिने इतर विक्रेत्यांना आपल्या पानांवर जागा दिली. भारतात तर परकीय गुंतवणूक घेणाऱ्या अशा कंपनीने स्वतःचा माल न ठेवता केवळ बाजार चालवावा, असे धोरण सरकारने २०१६ मध्ये स्पष्ट केले.

आठवडे बाजाराशी असलेले साम्य मात्र इथेच संपते. बाजारात कोणते दुकान आपल्याला आधी दिसावे हे ग्रामपंचायत ठरवत नाही. ऑनलाइन बाजारात ते बाजाराचा मालक ठरवतो, आणि पुढची जागा पैसे घेऊन देतोही. यादीत वर दिसणाऱ्या वस्तूंपैकी काहींच्या कोपऱ्यात बारीक, फिकट अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिलेले असते. म्हणजे ती जाहिरात असते. विक्रेत्यांनाही हे ठाऊक असते की शोधयंत्र शब्द जुळवून पाहते. म्हणून ते वस्तूच्या नावातच सुचतील तेवढे शब्द कोंबतात. मीटरच्या वायरी 'मल्टिमीटर' या शोधात येतात त्या अशाच. 'सर्वांत वर' याचा अर्थ 'सर्वांत चांगला' असा घ्यायला काहीही आधार नाही.

पाच तारे मिळवणारे नाणे

आता ताऱ्यांकडे वळू. एका मीटरला ६ जणांनी अभिप्राय दिले आणि सहाही समाधानी आहेत. दुसऱ्याला १०० जणांनी दिले आणि त्यांतले ९३ समाधानी आहेत. कोणता घ्यावा? पहिल्याचे यश १०० टक्के, दुसऱ्याचे ९३ टक्के. तरीही आम्ही दुसरा घेऊ, आणि त्याचे कारण वर्गात दाखवता येते.

४० विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाला एक नाणे पाच वेळा उडवायला सांगा. एखाद्याला पाचही वेळा छापा पडण्याची शक्यता ३२ मध्ये १ एवढी असते. पण वर्गात निदान एकाला तरी तसे होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के भरते. तसा विद्यार्थी निघाला तर त्याचे नाणे 'पाच तारे मिळवणारे नाणे' म्हणून फळ्याशेजारी ठेवा आणि मग तेच नाणे वीस वेळा उडवायला सांगा. त्याचे तेज लगेच उतरते. नाण्यात काही विशेष नव्हते. चाळीस नाण्यांतून आपण मुद्दाम नशीबवान नाणे उचलले होते, एवढेच. 'सर्वाधिक तारे आधी' असा क्रम लावला की ऑनलाइन बाजारातही हेच घडते : मोजके अभिप्राय असलेल्या हजारो वस्तूंमधून नशीबवान वस्तू वर येतात.

यावर अठराव्या शतकात फ्रेंच गणिती लाप्लास याने एक सोपा उपाय दिला आहे. यशांच्या संख्येत १ मिळवा, एकूण प्रयत्नांत २ मिळवा आणि मग भागाकार करा. पहिल्या मीटरसाठी ७ भागिले ८, म्हणजे ०.८७५. दुसऱ्यासाठी ९४ भागिले १०२, म्हणजे सुमारे ०.९२. दुसरा मीटर पुढे गेला. हा नियम म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पण तोंडी करता येतो आणि अपुऱ्या पुराव्याला आवर घालतो.

सरासरीचा आणखी एक दोष आहे. १०० जणांपैकी ७० जणांनी चार आणि ३० जणांनी पाच तारे दिले, तर सरासरी ४.३ येते. ८२ जणांनी पाच आणि १८ जणांनी एकच तारा दिला, तर सरासरी ४.२८ येते, म्हणजे पानावर पुन्हा ४.३ च दिसते. पहिल्या वस्तूबद्दल कोणाचीच तक्रार नाही. दुसरी वस्तू जवळजवळ दर पाच जणांमागे एकाच्या हाती बिघडलेली पडली आहे. सरासरीशेजारी पाच आडव्या पट्ट्या काढलेल्या असतात, त्या पाहिल्याशिवाय या दोन वस्तूंमधला फरक कळणारच नाही. दहावीच्या वर्गात मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवताना याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

अभिप्राय देतो कोण?

नाण्याच्या प्रयोगात प्रत्येक फेक स्वतंत्र असते. अभिप्रायांचे तसे नाही. वस्तू ठीकठाक निघाली तर बहुतेक लोक काही लिहीतच नाहीत. जे फार खूष होतात आणि जे फार संतापतात तेच लिहितात. शिवाय आधीचे तारे पाहून पुढचा माणूस आपले तारे ठरवतो. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर या संशोधकांनी २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरील एक लाखाहून अधिक प्रतिक्रिया त्यांनी घेतल्या. त्यांतल्या काहींना, मजकूर न पाहता, चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे, लिहिल्याबरोबर एक अनुकूल मत देऊन टाकले. अशा प्रतिक्रियेला पहिल्या वाचकाकडून अनुकूल मत मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि अखेरचे सरासरी गुण २५ टक्क्यांनी जास्त निघाले. सुरुवातीच्या एका खोट्या मताचा हा परिणाम!

विक्रेत्यांना हे संशोधन वाचायची गरज पडत नाही, अनुभवाने ते जाणतातच. वस्तूच्या खोक्यात 'पाच तारे द्या, फोटो पाठवा, पन्नास रुपये परत मिळवा' अशी चिठ्ठी निघाल्याचे पुष्कळांनी पाहिले असेल. समाजमाध्यमांवरील बंद गटांतून खोटे अभिप्राय मिळवणाऱ्या अॅमेझॉनवरील वस्तूंचा माग काढणारा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की खोटे अभिप्राय येत असताना वस्तूचे तारे वाढतात, आणि ते थांबले की खऱ्या ग्राहकांचे एक-ताऱ्याचे शेरे वाढू लागतात. पण तोवर माल खपलेला असतो.

इथपर्यंतचे दोष कोणालाही पटतात. असे वाटते की लबाड लोक दूर केले, अभिप्रायांची संख्या वाढली, पट्ट्या नीट पाहिल्या, की तारे विश्वासार्ह होतील. आमच्या मते मूळ अडचण निराळी आहे. सर्व अभिप्राय प्रामाणिक असले तरी ती तशीच राहते.

पहिल्या दिवशी न दिसणारे

अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन याने १९७० मध्ये वस्तूंच्या गुणांत एक भेद दाखवला. काही गुण विकत घेण्यापूर्वी पाहून कळतात : कापडाचा रंग, वहीची पाने. काही वापरल्यावरच कळतात : आंबा गोड आहे की नाही, चप्पल चावते की नाही. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा प्रकार जोडला : जे गुण वापरल्यावरही सामान्य माणसाला कळत नाहीत. औषधाच्या गोळीत सांगितले तेवढे औषध आहे का, हे रुग्णाला बरे वाटले तरी समजत नाही.

ऑनलाइन बाजाराने या वर्गवारीची उलथापालथ केली आहे. दुकानात हाताने चाचपून कळणारे गुण पडद्यावर कळत नाहीत, म्हणजे पहिल्या वर्गातले गुण दुसऱ्यात गेले. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्गातल्या गुणांसाठी आपण ताऱ्यांवर विसंबू लागलो. तारे मात्र बहुधा वस्तू हाती आल्यावर आठवड्याभरात दिले जातात. त्या आठवड्यात जे दिसले तेवढेच त्यांत उतरते. तीन उदाहरणे पाहू.

पहिले पेन ड्राइव्हचे. '२ टीबी' क्षमतेचा पेन ड्राइव्ह चार-पाचशे रुपयांत दिसतो. मागवला, संगणकाला लावला, तर पडद्यावर खरोखर २ टीबी असे येते. दहा-वीस गाणी घातली, वाजली. पाच तारे. प्रत्यक्षात आतली स्मृतिचिप ३२ जीबीची असू शकते. संगणक स्वतः क्षमता मोजत नाही. तो पेन ड्राइव्हमधल्या नियंत्रक चिपला विचारतो आणि तिने सांगितलेला आकडा दाखवतो. नियंत्रकाला खोटे बोलायला शिकवणे फारसे अवघड नसते. समजा एका वहीत शंभर पाने आहेत, पण मुखपृष्ठावर 'पाने ५०००' असे छापले आहे. कारकुनाला हुकूम असा की एकशे एकावे पान आले की पुन्हा पहिल्या पानापासून जुन्यावरच लिहावे, अनुक्रमणिकेला मात्र हात लावू नये. अनुक्रमणिका पाहणाऱ्याला सर्व नोंदी जागच्या जागी दिसतात. बनावट पेन ड्राइव्ह अनेकदा असाच वागतो. काही तर जास्तीची माहिती मुकाट्याने टाकून देतात. फाइलींची नावे दिसत राहतात आणि आत काही नसते. हे कळायला ३२ जीबी भरावे लागतात. तोवर काही महिने जातात. वस्तू परत करण्याची मुदत संपलेली असते, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो गेलेले असतात, आणि विक्रेता कदाचित दुसऱ्या नावाने बसलेला असतो.

गंमत अशी की प्रामाणिक पेन ड्राइव्हला याच बाबतीत शिव्या खाव्या लागतात. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह संगणकावर सुमारे ५९.६ जीबी दाखवतो. उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, तर विंडोज प्रणाली २ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे १०७.४ कोटी बाइट धरते. भागाकार करून पाहा. 'चार जीबी चोरले, एक तारा' असा शेरा मग खऱ्या मालाच्या माथी बसतो.

दुसरे उदाहरण पॉवर बँकेचे. त्यावर १०,००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते. फोनची बॅटरी ५,००० ची, तेव्हा फोन दोनदा भरावा अशी ग्राहकाची अपेक्षा. तो दीड वेळाच भरतो आणि तारे कमी होतात. परंतु १०,००० हा आकडा आतल्या लिथियम घटाच्या ३.७ व्होल्ट विभवांतराला धरून दिलेला असतो. ऊर्जा काढा : १० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ३७ वॅट-तास. बाहेर ती ५ व्होल्टने द्यायची, म्हणजे काहीही वाया गेले नाही तरी ७,४०० मिलिअँपिअर-तासच मिळणार. परिवर्तनात १५ टक्के वाया गेले असे धरले तर सुमारे ६,३००. यात फसवणूक नाही, ऊर्जेचा अक्षय्यतेचा नियम आहे. याउलट छोट्याशा डबीवर ५०,००० असे छापलेले असते. ते खरे आहे का? सर्रास वापरल्या जाणाऱ्या दंडगोल लिथियम घटाचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. त्याचे वस्तुमान ४५ ते ५० ग्रॅम आणि धारणशक्ती फार तर ३,५०० च्या आसपास. ५०,००० साठी असे निदान १५ घट हवेत, म्हणजे नुसत्या घटांचेच जवळजवळ ७०० ग्रॅम झाले. त्याच पानावर खाली वस्तूचे वजन दिलेले असते. ते २५० ग्रॅम असेल तर एकही अभिप्राय न वाचता निकाल लागतो. आठवीच्या मुलांना हा हिशेब जरूर करू द्यावा.

तिसरे उदाहरण सर्वांत गंभीर. प्रेशर कुकरमध्ये भात शिजतो, शिट्टी होते, ग्राहक पाच तारे देतो. शिट्टीचे छिद्र अन्नकणांनी तुंबले किंवा पाणी आटून तापमान भलतेच वाढले, तर वितळून वाफेला वाट करून देणारी धातूची लहानशी चकती झाकणावर बसवलेली असते. ती योग्य तापमानाला वितळेल का, हे रोजच्या वापरात कधीच कळत नाही. ते कळण्याचा दिवस कदाचित एकदाच येतो. म्हणूनच आपल्याकडे घरगुती कुकरवर १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. तरीही असे चिन्ह नसलेले कुकर ऑनलाइन विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन्ही कंपन्यांना त्यासाठी प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला आणि विकलेले कुकर परत घेण्याचा आदेश दिला. 'आम्ही फक्त जागा देतो' हे उत्तर प्राधिकरणाने पुरेसे मानले नाही. या कुकरमध्ये कितीही चांगला भात शिजला असला, तरी त्याच्या ताऱ्यांना त्या चकतीविषयी काही सांगता आले नसते.

तांदळातले खडे

ताऱ्यांत न उतरणाऱ्या गुणांचे बाजारात पुढे काय होते, याचे विश्लेषण जॉर्ज अॅकर्लोफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एका निबंधात केले. वरून चकचकीत पण आतून रद्दी निघालेल्या जुन्या मोटारीला अमेरिकेत बोलीभाषेत 'लिंबू' म्हणतात. निबंधाच्या शीर्षकातही लिंबूच होते, आणि काही नियतकालिकांनी तो साभार परत पाठवला होता. २००१ मध्ये याच विषयावरील कामासाठी त्याला मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही, की त्या निबंधात भारतीय गृहिणीही आहे. बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे आणि आकाराचे खडे तिला निवडावे लागतात, असा उल्लेख त्यात येतो. अॅकर्लोफ १९६७-६८ मध्ये भारतात राहिला होता.

त्याचा युक्तिवाद मल्टिमीटरला लावू. चांगला मीटर बनवायला ४५० रुपये पडतात आणि ग्राहकाला तो ६०० रुपयांच्या मोलाचा वाटतो. रद्दी मीटर १५० रुपयांत बनतो आणि त्याचे मोल २००. बाजारात दोन्ही निम्मे निम्मे आहेत आणि पडद्यावर सारखेच दिसतात. शहाणा ग्राहक सरासरी काढून ४०० रुपयेच देऊ करील. त्या किमतीला चांगला मीटर विकणाऱ्याचे नगामागे ५० रुपये बुडतात. तो बाजार सोडतो. मग उरतात रद्दी मीटर, आणि ग्राहकही ते ओळखून २०० वर येतो. ज्याला चांगला मीटर घ्यायचा होता आणि ज्याला तो विकायचा होता, दोघेही त्या बाजारात एकमेकांना भेटत नाहीत. कोणी मुद्दाम कट केलेला नसतो.

पूर्वी हे टळत असे ते ओळखीच्या दुकानदारामुळे. माल खराब निघाला तर आपण पुन्हा त्याच्याच दारात उभे राहणार, हे त्याला ठाऊक असे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर अनोळखी माणसे एकमेकांशी व्यवहार करू लागली, तेव्हा त्या ओळखीची जागा भरून काढायला परस्परांना शेरे देण्याची पद्धत आली. ताऱ्यांचे मूळ प्रयोजन हेच. ते अगदी वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. खोके फुटलेले आले, भलतीच वस्तू आली, बटण दुसऱ्याच दिवशी तुटले, हे तारे बऱ्यापैकी सांगतात. पण जे दिसते त्याचेच बक्षीस मिळत असेल, तर उत्पादक पैसे कशावर घालेल? पिवळ्या चकचकीत आवरणावर घालेल, आतल्या फ्यूजवर कशाला?

शाळेत काय करता येईल?

संशोधनसंस्थेत उपकरण येते तेव्हा त्याबरोबर अंशांकनाचे प्रमाणपत्र मागण्याची पद्धत असते, आणि ते आले तरी आम्ही उपकरण एकदा तपासून घेतो. शाळेला प्रमाणपत्र परवडणार नाही, तपासणी मात्र परवडते. वस्तू परत करण्याची मुदत सात-दहा दिवसांची असते. ती प्रयोगाची मुदत समजावी. खोके आले की कपाटात न ठेवता त्याच दिवशी मुलांच्या हाती द्यावे.

तापमापी असेल तर बर्फाच्या बारीक चुऱ्यात थोडे पाणी घालून त्यात बुडवावा. शून्य दाखवायला हवा. मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धरावा. तिथे १०० ची अपेक्षा धरू नये. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. त्यामुळे पुण्यात ९८ च्या आसपास, तर महाबळेश्वरला ९५-९६ यावा. मल्टिमीटर असेल तर नव्या कोरड्या घटाचे विभवांतर जुन्या मीटरने आणि नव्या मीटरने मोजून ताडून पाहावे. ते १.५ ते १.६ व्होल्ट यायला हवे. मग रंगपट्ट्यांचे चार-पाच रोध मोजून पट्ट्यांच्या मूल्याशी जुळवावेत. घरातल्या विजेच्या सॉकेटमध्ये स्वस्त मीटरच्या तारा मुलांना कदापि घालू देऊ नयेत. पेन ड्राइव्ह संपूर्ण भरावा आणि भरलेली प्रत्येक फाइल उघडून पाहावी. सेकंदाला १० एमबी या वेगाने ६४ जीबी भरायला पावणेदोन तास लागतात, म्हणजे मधल्या सुट्टीत लावून दोन-तीन तासिकांनंतर परत पाहायचे.

ज्या गुणांची तपासणी शाळेत होऊ शकत नाही, तिथे ताऱ्यांऐवजी चिन्ह पाहावे. कुकरवर आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक, पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्युरोचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. हे क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर घालून खरे आहेत का ते पाहता येते. चिन्हही खोटे छापता येते, म्हणून क्रमांक तपासणे महत्त्वाचे.

फसवणूक झालीच तर ग्राहकाच्या बाजूने आता बरेच लिहिलेले आहे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. त्यांनुसार ऑनलाइन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची असते. विक्रेत्याचे नाव-पत्ता देणे आणि यादीतला क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला जातो हे सोप्या भाषेत सांगणेही बाजारपेठेवर बंधनकारक आहे. हे निकष आपल्यापैकी किती जणांनी शोधून वाचले आहेत, हा प्रश्न वेगळा. खोटी घाई दाखवणे, जाहिरात लपवणे अशा तेरा क्लृप्त्यांना नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक आयोगाकडे तक्रार आपण राहतो तिथूनच करता येते.

एवढी तपासणी झाल्यावर वर्गाने मिळून एक अभिप्राय लिहावा. 'छान', 'फालतू' असे शब्द त्यात नकोत. तारीख, काय मोजले आणि किती आले एवढेच असावे. उदाहरणार्थ : "मीटर १२ दिवस वापरला. १०० ओहमचा रोध ९८ दाखवतो, १० किलोओहमचा ९.९. नव्या घटाचे विभवांतर १.५८ व्होल्ट, शाळेच्या जुन्या मीटरवर १.५७. डायल घट्ट आहे. लाल वायरीचे टोक आठव्या दिवशी सैल झाले, डाख देऊन बसवले. सहा महिन्यांनी पुन्हा मोजून याखाली लिहू."